कोपर वर ठेव

९ ऑक्टोबर

भाऊजी,

तुमचा फोटो पेपरात आला. नवी जर्सी, छातीवर हात, डोळे मिटलेले. तुमचे दादा चहा पीत होते. पेपर माझ्याकडे सरकवून म्हणाले, "राष्ट्रगीताचे शब्द तरी पाठ आहेत का, विचार त्याला." एवढंच. मग उठले आणि मागच्या दाराला पॉलिशपेपर मारत बसले. त्या दाराला गेल्याच आठवड्यात रंग दिलाय.

फोन केला असता, पण तुम्हा दोघा भावांशी फोनवर बोलायचं म्हणजे 'हं' आणि 'बरं' यांच्यापुढे गाडी जात नाही. लिहायला बसलं की निदान माझं मला पूर्ण बोलता येतं. दुकानातूनच लिहिते आहे. समोर एका वकिलाचा कोट उसवून ठेवलाय, तो बिचारा वाट बघेल.

तुमच्यावर रागवावं की नाही हे माझं अजून ठरत नाही. तुम्ही इथे किती वर्षं वाट पाहिलीत ते मी डोळ्यांनी पाहिलंय. दर वेळी देशाचा संघ जाहीर व्हायचा, त्यात यांचं नाव असायचं, तुमचं राखीव खेळाडूंतही नसायचं. आणि तरी केक घेऊन सगळ्यांत आधी आमच्या दारात तुम्हीच यायचात. मग तिकडच्या क्लबने बोलावलं, तुम्ही गेलात, तिथे राहिलात, आता तिकडच्या देशाने विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. माझ्या शिवणकामाच्या अकलेला यात गुन्हा कुठे दिसत नाही.

पण यांच्या डोक्यात बाबा बसलेत. वखारीत ओंडक्यांच्या ढिगाला खांदे लावून बाबांनी तुम्हा दोघांना ढकलायला शिकवलं, ते एका रांगेत उभं करायला. डावीकडे धाकटा, उजवीकडे थोरला, दोघांच्या अंगावर एकच रंग. बाबा गेले तरी यांच्यासाठी ते ठरलेलंच होतं. म्हणून तर तुम्हाला फोनवर म्हणाले, "जर्सी बदलायची तर घरही बदल." मी शेजारीच उभी होते. म्हणून झाल्यावर त्यांचा चेहरा कसा झाला तो तुम्ही पाहिला नाहीत, मी पाहिला.

आमचं लग्न ठरलं तेव्हा मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. यांनी हॉटेलच्या टेबलावर मिठाच्या आणि मिरपुडीच्या बाटल्या मांडून स्क्रम शिकवला. इकडचे आठ, तिकडचे आठ, डोकी घुसवून एकमेकांना रेटायचं. पहिल्या रांगेत तीन माणसं. मधला पायाने चेंडू मागे ओढतो, आणि त्याला दोन्ही बाजूंनी तोलून धरतात ते प्रॉप. "आमचा उजवा प्रॉप त्यांच्या डाव्या प्रॉपला भिडतो. कानाला कान लागतो, बघ." मी विचारलं, "आणि बाकीचे काय करतात?" म्हणाले, "बाकीचे चेंडू घेऊन पळतात आणि त्यांचे फोटो येतात."

पुढच्या महिन्यात तुमचा संघ इथे येतोय. तुम्ही डावे, हे उजवे. कानाला कान. भाऊजी, त्याआधी एकदा फोन करा. 'हं' आणि 'बरं' एवढंच झालं तरी चालेल.

हे बरे आहेत. खांद्याला जरा मार लागलाय म्हणतात, त्यामुळे हल्ली चहाचा कप डाव्या हाताने धरतात. बाकी काही नाही.

तुमची,
वहिनी

२ डिसेंबर

भाऊजी,

फोन आला नाही. आता त्याबद्दल बोलत नाही.

मी आणि ठकू वरच्या गॅलरीत होतो. आमची लेक आता मोठी झाली, बाबा स्क्रममध्ये गेले की डोळे झाकत नाही, उलट माझे हात बाजूला करते. पहिला अर्धा सामना बरा गेला. दोघं उठत होतात, पाठीवरची माती झटकत होतात, पुन्हा वाकत होतात. एकदाही एकमेकांकडे पाहिलं नाहीत. माझ्या पुढे बसलेला एक गृहस्थ तुम्हाला फितूर म्हणत होता. ठकूने त्याच्या टोपीवर सरबत सांडलं. चुकून सांडलं असं ती सांगते.

आणि मग शेवटाकडचा तो स्क्रम. यांना सगळे 'खुंटा' म्हणतात ते उगीच नाही. माझ्या उभ्या संसारात मी त्यांना मागे सरकलेलं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांचे पाय जमिनीवरून सुटले. तुम्ही त्यांना खालून असं वर घेतलंत जसं कुणी पोतं उचलावं. शिट्टी वाजली, रेफरीचा हात तुमच्या बाजूने वर गेला, तुमच्या माणसाने पेनल्टी मारली आणि तेवढ्यावर तुम्ही जिंकलात. यांना लगेच बाहेर बोलावलं. चालत आले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या टाळ्या कशा असतात ते आपल्याला कळतं.

खालच्या बोळात तुम्ही हात पुढे करून उभे होतात. हे पुढून निघून गेले. ठकू मात्र धावत तुमच्याकडे आली, तुम्ही तिला उचललंत. हे वळून ते बघत होते. तुम्हाला दिसलं नसेल, म्हणून सांगते.

घरी येताना गाडी मी चालवत होते. मी एकदाच विचारलं, "आत काही बोलला का तो?" तर म्हणाले, "गाडी चालव."

म्हणून तुम्हाला विचारते. काय बोललात तुम्ही त्यांना?

वहिनी

२० जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र आलं. दुकानाच्या पत्त्यावर पाठवलंत ते बरं केलंत.

तुम्ही लिहिलंय की यांचा उजवा हात तुमच्या पाठीवर होता आणि त्या हाताला पकडच नव्हती. लहानपणापासून ज्या हाताशी झोंबलात तो हात तुम्हाला डोळे मिटूनही ओळखता येतो, आणि हा तो नव्हता. तुम्ही वाकल्या वाकल्या विचारलंत, "दादा, हाताला काय झालं?" आणि हे म्हणाले, "ढकल."

ते वाचून मी दुकानाचं शटर अर्धं खाली घेतलं आणि बसून राहिले.

भाऊजी, मला कळत होतं. रोज लोकांचे खांदे मापणारी बाई मी, घरातला खांदा दिसणार नाही का? गेल्या उन्हाळ्यापासून यांच्या सगळ्या शर्टांची उजवी बाही सैल पडत होती. शर्टाची बटणं लावायला वेळ लागायचा, म्हणून सगळे शर्ट सोडून गोल गळ्याचे बनियन घालायला लागले. मी विचारलं की म्हणायचे, मानेतली शीर दबली आहे, प्रॉपच्या मानेत दुसरं काय असणार. आणि डॉक्टरकडे जायचं नाव नाही, कारण डॉक्टर खेळायला देणार नाही. त्यांना तो एक सामना खेळायचा होता. तुमच्यासमोर.

संघाचे कोच परवा घरी आले होते. शूज दाराबाहेर काढले, सोफ्याच्या कडेवर बसले, आणि दौऱ्यावर तरुण पोरांना नेणार म्हणाले. यांनी त्यांना अर्ध्यावरच थांबवलं. "सर, तुम्ही इतक्या लांब आलात, चहा घ्या. मी सोडतोय." कोचच्या डोळ्यांत पाणी. यांच्या नाही.

नंतर मी जुने पेपर काढून बसले. हे पहिल्यांदा देशाकडून खेळले तेव्हा तुम्ही आणि बाबा ट्रकच्या टपावर चढून मैदानाच्या भिंतीवरून पाहत होतात, कारण तिकिटं मिळाली नव्हती. आठवतं? नंतर इतकी वर्षं, इतके देश, आणि अख्ख्या कारकिर्दीत रेषेपलीकडे चेंडू टेकवून केलेली यांची ट्राय एकच. तीही रेषेपासून हातभर अंतरावरून. सगळे अंगावर पडलेले, ढिगाऱ्याखाली हे चेंडूसकट. रेफरीने ट्राय दिली तर यांना पटेना, त्यालाच विचारत होते, "खरंच माझी?" तुम्ही तेव्हा गॅलरीतून इतके ओरडलात की आठवडाभर आवाज बसला होता.

तुम्ही लिहिलंत की तुम्ही दादाला संपवलंत. असं पुन्हा लिहू नका. तुम्ही ढकललंत कारण त्यांनी सांगितलं. लहान भावाने एवढं तरी ऐकायचंच.

मानेचा फोटो काढायला पुढच्या आठवड्यात नेते आहे. आता कारण सांगायला सामना उरला नाही.

वहिनी

४ जून

भाऊजी,

तुम्ही दोनदा विचारलंत आणि मी दोनदा 'मान सुधारते आहे' असं लिहिलं. ते खरं नव्हतं. हे म्हणाले होते, त्याला कळवायचं नाही. त्यांचं ऐकता ऐकता माझ्या हातून दोन पत्रं खोटी गेली. तिसरं घालवत नाही.

मान नाही, भाऊजी. मानेत जे होतं ते सगळ्याच प्रॉपना असतं, असं डॉक्टर म्हणाले. हा वेगळा आजार आहे. स्नायूंना हुकूम देणाऱ्या ज्या नसा असतात त्या एकेक करून मरत जातात. आधी हात, मग पाय, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. डोकं मात्र शाबूत राहतं. सगळं कळत राहतं.

डॉक्टर तरुण आहेत. सांगताना त्यांनी टेबलावरचा पेपरवेट एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवला, पुन्हा परत ठेवला. यांनी विचारलं, "औषध?"

"थोडं लांबवता येतं."

"खेळामुळे झालं का?"

"सांगता येत नाही. तुमच्यासारख्या खेळाडूंत बघतो आहोत, पण ज्यांनी आयुष्यात चेंडूला हात लावला नाही त्यांनाही होतो. खरंच सांगता येत नाही."

हे हसले. "म्हणजे रेफरीसारखंच. स्क्रम कोसळला की त्यालाही कधी कळत नाही कुणामुळे."

बाहेर आलो. लिफ्टपाशी आल्यावर म्हणाले, "ठकूला मी सांगणार. तू नाही." दुपारी तिला घेऊन मागच्या पायरीवर बसले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. काय बोलले ते ऐकू आलं नाही. ती उठली, आत आली, फ्रीज उघडला, बंद केला, आणि मला म्हणाली, "आई, बाबांना चमचा जाड दांड्याचा लागेल. मी बघून ठेवलाय दुकानात."

तुमचं नाव काढलं तर विषय बदलतात. पण एक सांगते. तिकडचे सामने आपल्याकडे दुपारी लागतात. तुमचा असला की टीव्हीचा आवाज बंद करून बघतात. स्क्रम झाला की उठतात आणि पाणी प्यायला जातात. पुढचा व्हायच्या आत परत येतात.

तुम्ही या म्हणत नाही. ते मला बोलणार नाहीत, पण तुम्हाला बघून त्यांना काय होईल ते मला सांगता येत नाही. तुम्हाला कळलेलं असावं, एवढ्यासाठी लिहिलं.

वहिनी

१७ फेब्रुवारी

भाऊजी,

मी पकडले गेले. इतक्या महिन्यांनी. तुमचं मागचं पत्र मी एप्रनच्या खिशात विसरले आणि तो एप्रन घरी धुवायला आणला. ठकूने खिसे तपासले, आणि बाबांच्या पुढ्यातच वाचायला लागली. "अय्या, काकाचं पत्र!"

खूप बोलले. चाकाच्या खुर्चीत बसल्यापासून पहिल्यांदा एवढं बोलले असतील. जीभ जड झाली आहे, शब्द एकमेकांत अडकतात, पण राग अडकत नाही. "माझ्या आजाराच्या बातम्या समोरच्या पार्टीला पोचवतेस? दया करायला लावतेस त्याला?" मी म्हटलं, "दया कसली? तो तुमचा भाऊ आहे." तर म्हणाले, "भाऊ होता तेव्हा त्याला एक नंबरची, डाव्या प्रॉपची जर्सी मिळावी म्हणून मी कोचशी भांडलो होतो, विचार त्याला माहीत आहे का." 

तुम्हाला माहीत होतं का, भाऊजी? मला नव्हतं. म्हणे तीन वेळा तुमचं नाव लावून धरलं, शेवटी कोच म्हणाले की भावाला आणायचं तर तूही बाहेर बस. ते तुम्हाला कधी सांगितलं नाही, आणि तुम्ही तिकडे गेलात तेव्हा यांना वाटलं, याने आपल्या भांडणाला किंमत दिली नाही. ज्या भांडणाची तुम्हाला वार्ताच नाही त्याला तुम्ही किंमत कशी देणार? मी हे तोंडावर म्हटलं. त्याला दोन दिवस झाले.

आज सकाळी मला म्हणाले, "कागद घे." पुढचं सगळं त्यांचं आहे. मी फक्त हात.

'चिरंजीव वगैरे काही लिहू नको. सरळ लिही. शनिवारचा तुझा सामना पाहिला. तिसऱ्या स्क्रमला आणि त्यानंतरच्या सगळ्यांना तुझं डावं कोपर खाली पडतं आहे. दमलास की पडतं, लहानपणापासूनची खोड आहे. कोपर खाली गेलं की समोरचा तुझा हात ओढून तुला जमिनीवर आणतो, आणि रेफरी तुलाच पकडतो. कोपर वर ठेव. वर म्हणजे तुला वाटतं त्याच्यापेक्षा वर. पाय मागे लांब जातात, ते आखूड घे. तुमचा मधला माणूस वेळेआधी आत जातो, त्याला तू थांबव, तो कोचचं ऐकणार नाही, शेजारच्याचं ऐकेल. वर्ल्ड कपच्या सामन्यात तुझ्यासमोर जो येणार आहे तो डोकं आतल्या बाजूला वळवतो. मी त्याच्याशी खेळलोय. त्याला वळवू दे, पण तू त्याच्या बरगडीवर राहा. बाकी ठीक आहे. ताकद आहे तुझ्यात. तेव्हाही होती.'

मी विचारलं, आणखी काही? म्हणाले, "कोपराचं दोनदा लिही."

कोपर वर ठेवा, भाऊजी.

वहिनी

३ ऑगस्ट

भाऊजी,

तुम्ही नीट पोचलात हे कळलं. तुम्ही गेल्यापासून घर मोठं वाटतं. जेवणाच्या टेबलाशी दोन प्रॉप बसत होते, आता आम्ही दोघी मायलेकी आणि चाकाची खुर्ची.

तुम्ही आलात त्या दिवशी दार मी उघडलं. तुम्ही आत येऊन उभे राहिलात, आणि तुमची नजर त्यांच्या हातांवर गेली. मी घाबरले होते. मला वाटलं तुम्ही रडाल आणि हे तुम्हाला घालवून देतील. पण हे काहीतरी बोलले, तुम्हाला समजलं नाही, आणि आमची दुभाषी पुढे झाली. ठकू म्हणाली, "बाबा विचारतात, क्लबच्या सेमीफायनलला कोपर का पाडलंस?"

"दमलो होतो रे," तुम्ही म्हणालात. आणि मग दोघंही असे हसलात की खुर्ची हलली.

पहिल्या दिवशी परिचारिकेने यांना उचलायचं यंत्र कसं लावायचं ते तुम्हाला दाखवलं. पट्टे, कड्या, बटण. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि ती गेल्यावर यंत्र कोपऱ्यात लोटलंत. पलंगासमोर वाकलात, खांदा त्यांच्या छातीला लावलात, कानाला कान, हात पाठीमागून घट्ट धरलेत, आणि उभे राहिलात. त्यांचे पाय जमिनीवर लोंबत होते. तसेच दोघं थोडा वेळ उभे होतात. खुर्ची तर हातभरच लांब होती. मी चादर बदलायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

तुम्ही काय बोललात ते मी ऐकलं, हे तुम्हाला सांगायला हवं. "दादा, तेव्हा मी ढकलायला नको होतं." आणि हे जे म्हणाले ते तुम्हाला कळलं की नाही, याची मला शंका आहे, तुम्ही नुसती मान हलवलीत. ते म्हणाले होते, "हात ढिला सोडला असतास, तर मी तुला पुन्हा घरात घेतलं नसतं."

तसेही घेत नव्हते, हे मी त्यांना नंतर ऐकवलं. म्हणाले, "तेव्हा नुसता रागावलो होतो. मग त्याचं तोंडही पाहिलं नसतं."

आणखी एक सांगायचं आहे. तुम्ही असताना बोलले नाहीत, मलाही बोलू दिलं नाही. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं होतं, तुमच्यानंतर मेंदू आणि मणक्यातली नस अभ्यासाला द्याल का? एक डॉक्टरीणबाई आहेत, फक्त याच आजाराचा आणि खेळाडूंचा अभ्यास करतात. हे लगेच हो म्हणाले. मी घरी येऊन भांडले. मला सहन होईना, भाऊजी. एवढं सगळं देऊन झालं या खेळाला, मान, गुडघे, कान, आणि आता डोकंही? तर म्हणाले, "खेळाला नाही देत. त्याला देतो. तो अजून आत डोकं घालतोय."

म्हणजे तुम्हाला. आता तुम्हाला माहीत झालं.

ठकूचं एक नवीन खूळ. शाळेत मुलींचा संघ निघतोय. ही बाबांसमोर भिंतीला गादी उभी लावते आणि खांद्याने ढकलते, आणि हे खुर्चीतून ओरडतात. ओरडणं कसलं, घरघर. पण तिला कळतं.

वहिनी

२२ जानेवारी

भाऊजी,

तुम्ही परत गेल्यावर लिहीन म्हणाले होते आणि इतके दिवस हात उचलला नाही.

ते गेले त्या दिवसाबद्दल तुम्ही स्मशानातून येताना विचारलंत, तेव्हा भोवती माणसं होती. वेगळं काही घडलं नाही. सकाळ होती. मी त्यांची दाढी करत होते. श्वास आदल्या दिवसापासून तुटक येत होता, परिचारिका म्हणाली होती की आता जवळच राहा. ठकू दुसऱ्या बाजूला बसून कालच्या सामन्याचा निकाल वाचून दाखवत होती. एका गालाचा साबण पुसला, दुसऱ्या गालाकडे वळले, आणि ते नव्हते. ठकू वाचत होती. मी तिला लगेच थांबवलं नाही. तिने ते पान संपवलं.

राहिलेला गाल मी नंतर केला. तसंच अर्धवट कसं पाठवणार?

मग त्या डॉक्टरीणबाईंची माणसं आली. फार नीट वागली. यांना उचलताना दोघंजण दमले, तेव्हा मला वेड्यासारखं हसू आलं. शेवटपर्यंत खुंटा.

गेल्या आठवड्यात बाईंचा फोन आला. त्यांचं काम होत आलं आहे. म्हणाल्या, एका माणसावरून सगळं काही ठरत नाही, पण जे दिसलं ते घरच्यांना सांगता येईल. मला विचारलं, तुम्हाला ऐकायचं आहे का? सक्ती नाही. मी म्हटलं, नको. खेळाने केलं असं म्हणाल्या, तर मी त्या सगळ्या वर्षांचं काय करू? त्या ट्रकच्या टपाचं, त्या एका ट्रायचं? मी स्वतःच्या हाताने त्यांच्या जर्सीच्या शिवणी पक्क्या करून दिल्या होत्या. आणि खेळाने नाही केलं म्हणाल्या, तर मग रागवायला कुणीच उरत नाही. दोन्हीकडून मला काही मिळणार नव्हतं. फोन ठेवला आणि कामाला लागले.

त्याच दिवशी संध्याकाळी ठकू शाळेतून आली, दप्तर टाकलं, आणि दारातच म्हणाली, "आई, मला घेतलं. उजवा प्रॉप."

तिचे केस घामाने कपाळाला चिकटले होते आणि एक कान लाल झाला होता. मी त्या कानाकडेच बघत राहिले. ती म्हणाली, "खेळू ना मी?"

"बघू," म्हटलं.

"बघू म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू."

आत गेली आणि दार आपटलं. जेवायला आली तेव्हा डोळे सुजले होते. मग मान खाली घालून मला म्हणाली, "बाबा असते तर हो म्हणाले असते." मी म्हटलं, "बाबा असते तर त्यांनी आधी त्या बाईंना विचारलं असतं." हे माझ्या तोंडून निघून गेलं, आणि मग मलाच कळलं की आता ऐकावं लागणार. त्यांनी दिलं ते कुणीतरी ऐकण्यासाठीच दिलं होतं. मी कान बंद करून बसले तर ते नुसतंच बरणीत पडून राहील.

दुसऱ्या दिवशी बाईंना फोन केला. पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेला सकाळी बोलावलंय. त्यांची खोली हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत आहे, रस्ता मी पाहून आले.

भाऊजी, तुमचा हंगाम ऐन भरात असेल. करार असेल, कोच सोडणार नाही, सगळं मला माहीत आहे. आजवर मी तुम्हाला कधी या म्हटलं नाही. दर वेळी तुमच्यावर सोडलं. या वेळी सोडत नाही. या. माझ्या एकटीच्या अंगात ते ऐकायचं बळ नाही, आणि ऐकल्यावर घरी येऊन त्या पोरीला हो किंवा नाही म्हणायचं तर त्याहून नाही. ठकूलाही बरोबर नेणार आहे. तिचं काय ते तिच्यासमोरच होऊ दे, पाठीमागून ठरवायचे प्रकार या घरात पुष्कळ झाले.

बाईंनी विचारलं, कोण कोण येणार? मी म्हटलं, आम्ही तिघं. त्यातले दोघं अजून खेळणारे आहेत, तेव्हा त्यांना कळेल असं सांगा.

तुमची,
वहिनी